घरातले स्टुडिओ-फोटो: ते कसे निघत, कसे बिघडतात आणि दुरुस्त करताना काय जपावे

साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन किंवा वर्षश्राद्ध जवळ आले की घरातले जुने फोटो बाहेर निघतात. कोणाच्या ट्रंकेत, कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या देवघराशेजारच्या भिंतीवर ते वर्षानुवर्षे असतात. मग घरातले कोणीतरी म्हणते, "एवढा नीट करून मोठा करून घेऊ." फोटो दुकानात जातो आणि चार दिवसांनी डाग नसलेला, रंग भरलेला, चकचकीत होऊन परत येतो. सगळे खूश होतात. पण मूळ फोटोत जे होते ते आणि परत आलेल्या फोटोत जे आहे ते एकच आहे का, हे फारसे कोणी पडताळत नाही.

इंदूरला आमच्या घरी दोन पिढ्या फोटो स्टुडिओ चालला. पुढच्या काळात नवे फोटो काढण्यापेक्षा जुने दुरुस्त करण्याचेच काम जास्त येऊ लागले. त्या अनुभवावरून आणि छायाचित्रणाच्या उपलब्ध माहितीवरून हा लेख सभासद कुटुंबांसाठी लिहिला आहे.

माळव्यातला कॅमेरा

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्यातले सुरुवातीचे भारतीय छायाचित्रकार. म्हणजे मराठी माणूस कॅमेऱ्यामागे फार लवकर उभा राहिला. गोव्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पणजीची सूझा आणि पॉल ही पेढी नावारूपाला आली होती.

इंदूरच्या बाबतीत नाव घ्यावे लागते ते लाला दीनदयाळ यांचे. मेरठजवळच्या सरधना गावी १८४४ साली जैन कुटुंबात जन्मलेले हे गृहस्थ रुडकीच्या थॉमसन कॉलेजात अभियांत्रिकी शिकले आणि १८६६ साली इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करण्याच्या नोकरीवर आले. कॅमेरा त्यांनी इथेच हाती घेतला. त्यांना आश्रय मिळाला तो तुकोजीराव होळकर दुसरे यांचा आणि मध्य हिंदुस्थानातले इंग्रज प्रतिनिधी सर हेन्री डेली यांचा. (डेली कॉलेज यांच्याच नावाचे.) १८८२ साली सर लेपल ग्रिफिन यांच्याबरोबर फिरून दीनदयाळांनी ग्वाल्हेर, सांची, खजुराहो वगैरे ठिकाणच्या वास्तूंचे फोटो घेतले आणि १८८६ साली ते ग्रंथरूपाने निघाले. पुढे ते निजामाच्या दरबारात गेले. सिकंदराबादला आणि १८९६ साली मुंबईला त्यांचे स्टुडिओ निघाले. हैदराबादला १८९२ साली त्यांनी फक्त स्त्रियांसाठी वेगळा जनानी स्टुडिओ उघडला आणि त्याचा कारभार एका इंग्रज बाईंकडे दिला. पडद्यातल्या बायकांचा फोटो पुरुषाने काढणे घरच्यांना मान्य नव्हते, म्हणून ही सोय. १९०५ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत.

राजेरजवाड्यांकडून फोटो सरदार-दरकदारांकडे, तिथून वकील-डॉक्टर-मास्तरांकडे आणि मग कारकुनाच्या घरी आला. आपल्या बहुतेक कुटुंबांतला सर्वांत जुना फोटो १९०० ते १९३० च्या दरम्यानचा असतो, असा आमच्या दुकानात आलेल्या फोटोंवरून माझा अंदाज आहे. त्यात आजोबा-पणजोबा खुर्चीत, बायका मागे उभ्या किंवा अजिबात नाहीत, आणि मुले खाली सतरंजीवर.

स्टुडिओत फोटो निघे कसा

विजेचे दिवे येण्याआधी स्टुडिओ म्हणजे उत्तरेकडून उजेड येणारी खोली. छताचा उतार उत्तरेला करून त्यात काचा बसवत आणि आतून पांढरे-निळे पडदे ओढून उजेड कमीजास्त करत. उत्तरेचा उजेड का, तर दिवसभर ऊन थेट आत येत नाही आणि चेहऱ्यावर कडक सावली पडत नाही. कॅमेरा सागवानी लाकडाचा, चामड्याच्या भात्याचा, तिकाटण्यावर उभा. मागच्या घासलेल्या काचेवर माणूस उलटा दिसे. छायाचित्रकार काळ्या कापडात डोके घालून तो स्पष्ट करी, मग काचेच्या जागी प्लेट सरकवी, भिंगावरची टोपी काढी, मनात आकडे मोजी आणि टोपी परत लावी. एवढा वेळ हलायचे नाही. डोके हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी टेकू लावत. जुन्या फोटोत उभ्या माणसाच्या पायांमागे एखादा गोल लोखंडी पाय दिसला तर तो त्या टेकूचा समजावा. आपले पणजोबा इतके कडक का दिसतात, याचे निम्मे उत्तर त्या टेकूत आहे. उरलेले निम्मे असे, की फोटोत हसणे बरे दिसत नाही अशी तेव्हाची समजूत होती.

मागचा रंगवलेला पडदा घरचा नसतो, हे लक्षात ठेवावे. महालाचे खांब, कठडा, तळे, कुंड्या हे सगळे स्टुडिओचे. टेबलावरचे जाड पुस्तक, फुलदाणी, पुढच्या काळातला टेलिफोन, क्वचित अंगातला कोटसुद्धा स्टुडिओचा असे. "आमच्या पणजोबांचा वाडा" म्हणून दाखवलेला पडदा मी दुसऱ्या तीन घरांच्या फोटोंतही पाहिला आहे! पण यातून एक फायदा होतो. तोच पडदा, तीच खुर्ची, तीच सतरंजी दोन फोटोंत दिसली की ते एकाच स्टुडिओतले आणि बहुधा जवळच्या काळातले ठरतात. एकावर तारीख असेल तर दुसऱ्याचा काळ कळतो.

मापांवरूनही काळाचा अदमास येतो. काचेच्या प्लेटा ठरावीक मापांच्या असत: क्वार्टर सव्वातीन बाय सव्वाचार इंच, हाफ पावणेपाच बाय साडेसहा, फुल साडेसहा बाय साडेआठ. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, सव्वाचार बाय साडेसहा इंचांचा, खाली स्टुडिओचे नाव सोनेरी अक्षरांत छापलेला तो कॅबिनेट फोटो. नंतर पोस्टकार्डाच्या मापाचे फोटो आले. स्वातंत्र्यानंतर बऱ्याच घरांत स्वतःचा कॅमेरा आला. त्यात वडोदऱ्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात बनणारा आग्फा क्लिक थ्री फार चालला. एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघत. सव्वादोन इंचांचे ते चौकोनी फोटो आपल्या प्रत्येकाच्या अल्बममध्ये सापडतील. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू छापाचा माल त्यानंतरचा.

फोटो काढणे हे कामाचा पहिला भाग. खरी कमाई आणि खरी कारागिरी रिटचिंगमध्ये. निगेटिव्हवर पातळ रोगण लावून, ती उजेडासमोर तिरपी ठेवून, टोकदार कडक शिसपेन्सिलीने चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळे भरून काढत. निगेटिव्हवर जिथे शिसे चढते तिथे छापात उजळ येते. मुलीचा दाखवायचा फोटो असला की हे काम दुप्पट होई, आणि ग्राहकही "जरा उजळ करा हं" असे हळूच सांगून जाई. कागदावरचे पांढरे ठिपके शाई-कुंचल्याने भरत. पैसे जास्त दिले तर गालांवर गुलाबी, पागोट्यावर लाल, काठाला पिवळा असे पारदर्शक रंग कापसाच्या बोळ्याने चढवत.

आणखी एक काम प्रत्येक स्टुडिओ करी. माणूस गेला आणि त्याचा एकट्याचा फोटोच नाही, असे फार घरांत होई. मग लग्नाच्या ग्रुपमधला त्याचा चेहरा मोठा करून, शेजारच्याचा खांदा पुसून, कोट रंगवून 'बस्ट' करून देत. आजी वेगळ्या फोटोतली, आजोबा वेगळ्या, आणि भिंतीवर दोघे शेजारी. अशा तसबिरीत उजेडाची दिशा दोघांच्या चेहऱ्यांवर वेगळी असते, त्यावरून जोड ओळखू येतो. म्हणजे जुना फोटो जसाच्या तसा खरा आणि आजचा संगणक तेवढा खोटा, असे मानण्याचे कारण नाही. स्टुडिओ पहिल्या दिवसापासून चेहरे सुधारत आला आहे. फरक एवढाच, की त्या वेळी समोर बसलेला माणूस आणि त्याच्या घरचे हे पाहून मान्य करत होते. आज त्याच्यावतीने मान्य करणारे आपण आहोत.

काळे कुंकू

दुरुस्तीबद्दल सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथे सांगतो, कारण ती आम्ही चुकून शिकलो.

साधारण सत्तरीच्या एक बाई आपल्या आईचा हाफ साइज फोटो घेऊन दुकानात आल्या होत्या. पावसाळ्यात बुरशी लागून फोटोभर काळसर ठिपके पडलेले. आई नऊवारीत, खुर्चीत बसलेली. मी संगणकावर बसून एकेक ठिपका साफ केला, दोन दिवस लागले, आणि काम चांगले झाले म्हणून मीच खूश होतो. बाईंनी फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, "आईचं कुंकू कुठे गेलं?" कपाळावरचा काळा गोल ठिपका मी बुरशी समजून पुसला होता. तिचे वडील हा फोटो काढल्यानंतर वीस वर्षे होते. मूळ स्कॅन ठेवलेले होते म्हणून तासाभरात दुरुस्त झाले, पण त्यांचा तो चेहरा मी विसरलो नाही.

कुंकू काळे का दिसते, याचे कारण प्लेटच्या रसायनात आहे. सुरुवातीच्या प्लेटांना फक्त निळा-जांभळा उजेड 'दिसे'. नंतर हिरवाही दिसू लागला. अशा प्लेटा-फिल्मना ऑर्थोक्रोमॅटिक म्हणतात. लाल मात्र त्यांना दिसतच नाही. सर्व रंग पकडणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आल्या, पण पुष्कळ स्टुडिओंनी जुना माल बराच काळ सोडला नाही, कारण ऑर्थो प्लेट लाल दिव्याच्या उजेडात डोळ्यांनी पाहत धुता येते आणि पॅनक्रोमॅटिक अंधारात धुवावी लागते. या प्लेटांवर लाल वस्तू काळी उतरते, पिवळी आणि भगवी गडद होते, निळी जवळजवळ पांढरी.

आता हे आपल्या फोटोंना लावून पाहावे. कुंकू काळा ठिपका होते. लाल शालू, संक्रांतीची काळी चंद्रकळा आणि विधवेचे आलवण ही तिन्ही वस्त्रे फोटोत सारखीच काळी दिसतात. आकाशी लुगडे पांढरे दिसते, म्हणून पांढरे लुगडे नेसलेली म्हणजे विधवा हा तर्क चालत नाही. जरीचा काठ सोन्याचा असून काळपट येतो. हळदीने पिवळे झालेले हात सावळे येतात. कपाळावरचे किंवा हनुवटीवरचे हिरवट-निळे गोंदण आजूबाजूच्या त्वचेत मिसळून दिसेनासे होते. फोटोत नाही म्हणून ते नव्हतेच असे नाही. गोऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरची लाली गडद येते, म्हणून "फोटोत सावळे दिसतात, पण आजोबा गोरेपान होते" ही घरातली तक्रार बरेचदा खरी असते.

फोटोत आपोआप रंग भरणाऱ्या संगणकीय सोयींना हे काहीच माहीत नसते. त्यांना मिळते ती करड्या रंगाची छटा. ती लालाची, काळ्याची की तपकिरीची, हे त्या छटेत लिहिलेले नसते. त्या सरासरीने अंदाज करतात आणि आलवणाला निळा, चंद्रकळेला तपकिरी, कुंकवाला काळा रंग देऊन मोकळ्या होतात. चेहरा 'स्पष्ट' करणाऱ्या सोयी आणखी धोक्याच्या. पुसट चेहऱ्यात नसलेली माहिती त्या दुसऱ्या हजारो चेहऱ्यांवरून बनवतात. डोळे रेखीव होतात, दात येतात, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दाखवला की तो म्हणतो, "छान आहे, पण ही आत्या नाही." नातवंडांना मात्र तीच आत्या वाटू लागते, कारण त्यांनी मूळ चेहरा पाहिलेलाच नसतो.

म्हणून दुरुस्तीला फोटो देताना कारागिराला तोंडी सांगू नये, लिहून द्यावे: कपाळावरचे कुंकू किंवा गंध, गळ्यातले, नाकातले, हातातले, गोंदण, पागोट्याचा घाट यांना हात लावायचा नाही, शंका असेल तर विचारायचे. रंग भरायचेच असतील तर ज्याने ती व्यक्ती पाहिली आहे त्याला शेजारी बसवावे. आणि रंग भरलेल्या प्रतीच्या मागे 'रंग नंतर भरले' एवढे तरी लिहावे.

बिघाड कोणते आणि कशामुळे

आपल्या घरांत फोटोचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे आपली भक्ती. गेलेल्या माणसाच्या तसबिरीला आपण ओल्या फुलांचा हार घालतो, काचेवर गंध-कुंकू लावतो, पुढे निरांजन ठेवतो. हाराचे पाणी काचेवरून ओघळून चौकटीच्या खालच्या कडेत शिरते आणि फोटोची खालची पट्टी काचेला चिकटते. तसबिरी खालून खराब झालेल्या का असतात, याचे उत्तर बहुतेक वेळा हेच असते. उपाय सोपा आहे: भिंतीवर हार घालायला नवी प्रत लावावी आणि मूळ फोटो पेटीत ठेवावा. हार प्रतीला घातला म्हणून श्रद्धा उणी होत नाही.

काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. फोटोचा थर जिलेटिनचा असतो. ओला झाला की तो डिंकासारखा काचेला धरतो आणि ओढला की चेहरा काचेवर राहतो, कागद हातात येतो. काचेसकट स्कॅन करावा. काच फुटली असेल तर खाली दुसरी काच आधाराला देऊन तशीच न्यावी.

दुसरा शत्रू पाऊस. माळव्यात आठ महिने हवा कोरडी असते म्हणून आपण निर्धास्त असतो आणि आषाढ-श्रावणात बुरशी येते. बुरशी जिलेटिन खाते आणि ते पाण्यात विरघळण्याजोगे करून टाकते, म्हणून बुरशी लागलेला फोटो ओल्या फडक्याने पुसला की चित्रच निघून येते. आधी फोटो बाकीच्यांपासून वेगळा करावा, कोरड्या हवेत वाळू द्यावा, मग नाकातोंडाला रुमाल बांधून, घराबाहेर, मऊ कुंचल्याने हलकेच झाडावे. उन्हात वाळवू नये. बाहेरच्या भिंतीवर फोटो टांगू नये. टांगलाच तर चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावावेत, म्हणजे मागून हवा खेळते.

जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोच्या काळ्या भागावर तिरपे पाहिले की आरशासारखी निळसर चमक दिसते. ती चांदी आहे. फोटोतली चांदी दमट, दूषित हवेने पृष्ठभागावर येऊन साचते. ती घासू नये. स्कॅन करताना किंवा फोटोचा फोटो घेताना दिव्यांवर आणि भिंगावर पोलराइझिंग फिल्टर लावून ती चमक मारता येते.

एकोणिसाव्या शतकातले फोटो बहुधा अंड्याच्या पांढऱ्यापासून केलेल्या कागदावरचे असतात: पातळ कागद, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, रंग जांभळट-तपकिरी, उजळ भाग पिवळे पडलेले, जवळून पाहिले तर बारीक भेगा. यांना पाण्याचा थेंबही लावू नये. हाताने रंगवलेल्यांनाही नाही.

१९७०-८० च्या दशकांतले रंगीत फोटो लालसर होत जातात, कारण त्या काळच्या कागदांतला निळसर रंग अंधारात ठेवूनही आधी उडतो. आपल्यापैकी अनेकांच्या लग्नाचे अल्बम याच काळातले आहेत आणि ते आजोबांच्या फोटोंपेक्षा लवकर जाणार आहेत, म्हणून स्कॅनिंगची सुरुवात खरे तर त्यांच्यापासून करावी. त्याच काळातले चिकट पानांचे, वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम फोटोचे मोठे नुकसान करतात. फोटो निघत नसेल तर दात साफ करायचा, मेण न लावलेला दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू ओढावा. तरी निघेना तर पानासकट स्कॅन करावे.

लॅमिनेशनबद्दल एकच सांगतो: करू नये. एके काळी आम्हीही करून दिले आहे. गरम प्लास्टिक फोटोच्या थरात बसते आणि मग ते काढता येत नाही. चिकटपट्टी, स्टेपल, गोंद यांचेही तेच.

स्कॅन आणि साठवण

दुरुस्ती नेहमी स्कॅनवर करावी, मूळ फोटोवर कधीही नाही. स्कॅन रंगीत करावे, फोटो काळापांढरा असला तरी. पिवळा डाग लाल रंगाच्या चॅनेलमध्ये जवळजवळ दिसत नाही. तेवढा एक चॅनेल घेतला की डाग पुसण्याचे निम्मे काम आपोआप होते. काळेपांढरे स्कॅन केले की ही सोय गेली.

किती बारकाईने स्कॅन करावे, याचा हिशेब फोटोच्या मापावर आहे. छापताना इंचाला ३०० ठिपके लागतात असे धरावे. पोस्टकार्ड साइजचा फोटो ६०० ला स्कॅन केला तर दुप्पट मोठा छापता येतो. अडीच बाय चार इंचांचा छोटा फोटो १२०० ला केला तर दहा बाय सोळा इंच निघतो. पासपोर्टएवढ्या फोटोला १२०० च ठेवावे. याहून जास्त आकडा लावला तर फाइल फुगते, फोटोतला तपशील वाढत नाही. मूळ स्कॅन टिफ प्रकारात ठेवावे, त्याला कोणी हात लावू नये. दुरुस्ती त्याच्या प्रतीवर. मोबाइलवरून पाठवलेली प्रत म्हणजे स्कॅन नव्हे, पाठवताना ती दाबून लहान झालेली असते.

घरात काचेच्या निगेटिव्ह असतील तर त्या फार जपाव्यात. स्टुडिओ बंद झाले तेव्हा पुष्कळांच्या प्लेटा खरवडून काच म्हणून चौकटींसाठी विकल्या गेल्या आणि फिल्म चांदीसाठी भंगारात गेल्या. प्लेट स्कॅन करताना ती उलटी पडू शकते आणि सगळे चित्र आरशातले होते. पडताळा सोपा आहे: आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत घालतात, आणि पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. पाटी, दुकानाचे नाव दिसत असेल तर प्रश्नच नाही.

मूळ फोटो लाकडी कपाटात, प्लायवूडच्या खणात ठेवू नयेत. लाकडातून आम्ल निघते. आम्लविरहित कागदाच्या लिफाफ्यात एकेक फोटो, आणि लिफाफे स्टीलच्या पेटीत, घराच्या आतल्या खोलीत. माळा नको, कारण तिथे उन्हाळ्यात भट्टी होते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर पावसाळ्यापूर्वी त्या तापवून वाळवाव्यात, नाहीतर त्यांचा उपयोग नाही.

फोटोची मागची बाजू

दुकानात येणाऱ्या दहा फोटोंपैकी फार तर तीन-चारांतली सगळी माणसे घरच्यांना ओळखता येत. बाकीच्यांत "ही बहुतेक काकूंच्या माहेरची कोणीतरी". डाग काढता येतात. नाव गेले की कुठल्याच यंत्राने परत येत नाही.

म्हणून पुढची बाजू स्कॅन केली की मागचीही करावी. तिथे स्टुडिओचा शिक्का असतो, निगेटिव्हचा नंबर असतो, कधी तारीख, कधी "चि. ... यांस सप्रेम" असा मजकूर. होळकरांच्या दफ्तरात मोडी चाले आणि जुन्या पिढीचा हातही मोडीचाच, त्यामुळे पुष्कळ फोटोंमागे मोडीत दोन ओळी असतात. "काहीतरी गिरगटलंय" म्हणून त्या कापून किंवा नव्या पुठ्ठ्याखाली चिकटवून टाकल्याचे मी पाहिले आहे. मोडी वाचणारे आजही आहेत. न वाचता आलेला मजकूर स्कॅन करून ठेवला तर पुढे कोणीतरी वाचेल.

नावे नोंदवताना आपल्या चालीरीतीमुळे एक अडचण येते. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची पद्धत होती, त्यामुळे एकच बाई माहेरच्या अल्बममध्ये एका नावाने आणि सासरच्या अल्बममध्ये दुसऱ्या नावाने असते. त्यात घरात सगळे तिला ताई, माई, अक्का, जिजी म्हणणार. दोन घरांचे अल्बम शेजारी ठेवले की त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. म्हणून बाईंच्या बाबतीत तिन्ही नावे लिहावीत: माहेरचे पूर्ण नाव, सासरचे पूर्ण नाव, घरातली हाक. "अमक्यांची पत्नी" एवढेच लिहिलेले असेल तर आजच, ओळखणारे माणूस आहे तोवर, बाकीचे विचारून घ्यावे.

ग्रुपमधली नावे डावीकडून उजवीकडे, ओळीगणिक लिहावीत, आणि ज्याचे नाव कळत नाही त्याची जागा रिकामी सोडून खूण करावी. वगळू नये, नाहीतर पुढची सगळी नावे एकेक माणूस सरकतात. खात्रीचे नाव आणि अंदाजाचे नाव यांत फरक दाखवावा. नाव कोणी सांगितले आणि कोणत्या साली, हेही लिहावे. जुन्या कागदी फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. नंतरच्या प्लास्टिकच्या थराच्या फोटोंवर पेन्सिल उठत नाही, त्यांची नावे लिफाफ्यावर.

नावे विचारायला बसताना म्हाताऱ्या माणसापुढे मोबाइल धरू नये. फोटो आठ बाय दहा इंच छापून, चांगल्या उजेडात, हातात द्यावा, शेजारी कागद-पेन्सिल घेऊन बसावे आणि एका दिवशी चार-पाच फोटोच काढावेत. पहिल्यांदा "आठवत नाही" म्हणतील. फोटो तसाच त्यांच्याजवळ ठेवून यावा. दुसऱ्या दिवशी सकाळी बहुधा फोन येतो.